मासा वाचला तर बघू

तुम्ही रविवारी सकाळी गेलात. खोपटच्या आमच्या घरी, आतल्या खोलीत, मेघा चहा गाळत असताना. हृदय बंद पडल्यामुळे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. सोमवारी तुमची डायलिसिसची पाळी होती आणि मासा थिएटरात यायला अजून काही आठवडे होते.

आई, हे वाचून तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. "झालं, पहिल्याच ओळीत मारून मोकळे." माझ्या व्यवसायाबद्दल तुमची ही एकच तक्रार होती. बातमीत सर्वांत महत्त्वाचं ते आधी लिहायचं, बाकीचं उतरत्या क्रमाने, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं, हे मी तुम्हाला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत समजावून सांगितलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग पुढे वाचायचं कशाला, सुधीरराव? माणूस मेला हे कळल्यावर उरतं काय?" मी म्हटलं, तपशील उरतो. "तपशील म्हणजे पान खाऊन झाल्यावर वाढलेला भात," तुम्ही म्हणालात.

हा वाद मिटला नाही. त्यामुळे सुरुवात माझ्या पद्धतीने केली आहे. शेवट तुमच्या पद्धतीने करून बघतो.

तुम्ही गेल्यावर मला प्रथम दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं. मेघाचंही तेच. तिने गॅस बंद केला, तुमच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "आपल्याला नाही करावं लागलं." तुमची लेक हे म्हणाली, म्हणून ते इथे लिहिता येतं. जावयाने एकट्याने म्हटलं असतं तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता.

काय करावं लागलं नाही, हे सांगण्यासाठी माशापासून सुरुवात करायला हवी.

तुम्ही वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात कवळ्या बनवायचात. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवत आणि तुम्ही त्यावरून दात बसवून देत होतात. डोंबिवलीहून रोज जाऊन-येऊन, निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही. आमच्या रविवारच्या पुरवणीत एकदा लाखो वर्षांपूर्वीच्या अजस्र शार्कवर लेख आला होता. चित्रात माणसाशेजारी मासा, माशाशेजारी बस. दुपारी तुमचा फोन आला. त्याआधी तुम्ही मला फक्त मेघा कुठे आहे हे विचारायला फोन करत होतात.

"सुधीरराव, या माशाची लांबी कुणी मोजली?"

मी म्हटलं, शास्त्रज्ञांनी. दातांच्या मापावरून अंदाज काढतात.

"म्हणजे सापडलेत फक्त दात. बाकीचा मासा तुम्ही लोकांनी जोडला."

मी सांगितलं की शार्कच्या अंगात हाडं नसतात, कुर्चा असते, ती टिकत नाही.

"ते वाचलं मी. मीही जबडा बघून माणसाचं तोंड सांगते. पण त्याची उंची सांगायला जात नाही."

यात तुमचं पूर्ण बरोबर नव्हतं. काही मणकेही सापडले आहेत. ते मी संध्याकाळी उलटा फोन करून कळवलं. तुम्ही म्हणालात, "मणके ठीक. पण दुजोरा दातांचा." 'दुजोरा' हा शब्द तुम्ही माझ्याकडून उचललात तो त्या दिवशी. पुढे तो तुम्ही दूधवाल्यालाही वापरलात.

त्यानंतर अवाढव्य प्राण्यांचा कुठलाही चित्रपट लागला की माजिवड्याच्या मॉलमध्ये आपण दोघं. मेघाला असले चित्रपट सोसत नाहीत. तुम्ही डब्यातून मोरीचं सुकं आणायचात, ते आत नेऊ देत नसत, म्हणून आधी पार्किंगमध्ये उभ्याने खायचं. "छोटी शार्क पोटात, मोठी पडद्यावर," तुम्ही म्हणायचात. पडद्यावरच्या माशाला तुम्ही मोरीची खापरपणजी म्हणत होतात. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून बघेपर्यंत तुम्ही त्याचे दात मोठ्याने तपासत होतात. दात एकाच रांगेत दाखवलेत, मागच्या रांगा कुठायत? शार्कचा एक पडला की मागचा पुढे येतो. आयुष्यभर. "माणसाचं असं असतं तर मी घरी बसले असते."

आणि वाद. मासा शेवटी मरतो, हे माझं म्हणणं. या प्रकारच्या चित्रपटांची बांधणीच तशी आहे: बोट, मासा, स्फोट. तुमचं म्हणणं वेगळं होतं. मेला तर पुढचा भाग कशाचा काढणार? मी म्हणायचो, दुसरा मासा आणतात. तुम्ही म्हणायचात, दुसरा कुठून येतो, कुणीतरी वाचल्याशिवाय? प्रत्येक वेळी मासा मेला. प्रत्येक वेळी बाहेर पडताना तुम्ही म्हणालात, "मेलेला दाखवला. दुजोरा नाही."

नंतर तुमची मूत्रपिंडं गेली. डोंबिवलीचं घर बंद करून तुम्ही आमच्याकडे आलात. एसटी डेपोतल्या भोंग्यांना शिव्या देत, पण आलात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्याचा सगळ्यात मोठा जाच सुईचा नव्हता, पाण्याचा होता. दिवसभरात प्यायचं पाणी मेघा सकाळी मापून बाटलीत भरायची, चहा त्यातूनच. फ्रीजमध्ये बर्फाचे बारके खडे असत, ते तुम्ही गालात धरून बसायचात आणि टीव्हीवर समुद्र, नद्या, धबधबे लावून बघायचात. मी विचारलं होतं, यानं तहान वाढत नाही का? "वाढते," तुम्ही म्हणालात. "पण बघायला माप नाही ना लावलेलं."

एका डायलिसिसनंतर पायांत वांब आले आणि रक्तदाब इतका उतरला की तुम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठता आलं नाही. उठल्यावर तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलात आणि आम्हाला बोलावलंत.

"त्या माशाचा नवा सिनेमा येतोय ना?"

मी म्हटलं, हो, मेमध्ये. इंग्रजी आहे, हिंदीतही येईल.

"तो बघेन. मग डायलिसिस बंद. मला त्या खुर्चीत कुणी बसवायचं नाही."

मेघा म्हणाली, "आई, काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी कुठे? तारीख बोलतेय."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पेशंटला तसं म्हणण्याचा हक्क आहे. बंद केल्यावर फार दिवस नसतात, त्रास कमी करता येतो, घरच्यांना बघवेल असं मात्र नाही. तुम्ही शब्द फिरवणाऱ्यांतल्या नव्हतात. मेघाचं पहिलं स्थळ तुम्ही मोडलं होतंत, कारण मुलाकडच्यांनी चारला येतो सांगितलं आणि ते सहाला आले. म्हणजे डायलिसिस बंद करण्याचा दिवस ठरला होता, आणि तो ठरवणं परदेशातल्या एका चित्रपट कंपनीच्या हातात होतं. ती तारीख आमच्या घरात सर्वांत आधी कळणारा माणूस मी होतो. सिनेमाचं पान माझ्याच टेबलावरून जातं.

मार्चमध्ये वितरकाचं पत्रक आलं. चित्रपट दिवाळीपर्यंत पुढे ढकलला होता. मी ऑफिसातून मेघाला फोन केला. घरी आलो तर तिने शिरा केला होता. तुम्ही वाटीकडे बघितलंत.

"शिरा कशाचा?"

"असाच, आई."

"मासा पुढे गेला वाटतं."

मी हो म्हटलं. तुम्ही दोन चमचे खाल्लेत आणि म्हणालात, "केळं घालायला हवं होतं." केळं तुम्हाला बंद होतं. त्या दिवशी तुम्ही अटीबद्दल काही बोलला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची चादर घडी करून डायलिसिसला निघालात.

तिथे तो मासा एव्हाना सगळ्यांचा झाला होता. शेजारच्या खुर्चीतले गायकवाड, रिक्षा चालवायचे. त्यांनी तुमच्याशी पैज लावली होती.

"मावशी, मासा मरणार. हिरो कशाला ठेवलाय मग?"

"नाही मरणार. लावा पैज."

"कशाची?"

"त्या दिवशीच्या अर्ध्या पाण्याची."

"आयला! मावशी, तुम्ही तर जीवच मागितला."

"मग माघार घ्या."

"नाय, लागली. हरलात तर बर्फ घालून द्यायचं."

सिस्टर शैला मशीनचे आकडे टिपत होत्या. "दोघांनाही मीच पाजते," त्या म्हणाल्या. "सुईने."

ट्रेलर आला तोही त्यांच्याच फोनवर. मी तुमच्या उजव्या हाताला उभा होतो. डावा हात मशीनला जोडलेला होता. पडदाभर निळं पाणी होतं. मासा वर आला तेव्हा तुम्ही फोन जवळ घेतलात, दोनदा थांबवून बघितलंत. "मागच्या रांगा दाखवल्यात," तुम्ही म्हणालात. "यांनी कुणालातरी विचारलंय या वेळी." मग सुरुवातीपासून पुन्हा लावायला सांगितलंत, आणि या वेळी दातांकडे नाही, पाण्याकडे बघत होतात. गायकवाडांनी मान लांब केली. "कसलं गार दिसतंय ना, मावशी?" तुम्ही म्हणालात, "हं."

जूनच्या शेवटी दुसरं पत्रक आलं. चित्रपट दिवाळीवरून अलीकडे आणला होता, गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी. मी वितरकाला फोन करून खात्री केली. मग मेघाला स्वयंपाकघरात सांगितलं.

"आईला सांगू नकोस."

मी म्हटलं, त्यांना कळणारच.

"कळेल तेव्हा कळेल. तू नको सांगू."

"विचारलं तर खोटं सांगू?"

"तुला बातमी दाबता येत नाही, माहितीये मला. पण ही बातमी नाहीये रे. आई आहे माझी."

तिचं चूक नव्हतं. मी काय करणार होतो ते मला त्या क्षणी ठरवता आलेलं नव्हतं, आणि ठरवावं लागलं नाही. तुम्ही आतून हाक मारलीत. "सुधीरराव, कुजबुज नको. कधीचा झाला?"

मी आत आलो आणि तारीख सांगितली. मेघा दारात उभी राहिली. तुम्ही गालातला बर्फ एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेलात.

"पक्की?"

"पक्की."

"ठीक." मग म्हणालात, "मासा मेला तर बंद. वाचला तर बघू."

आणि टीव्हीचा आवाज वाढवलात.

ही नवी अट होती. तिचा अर्थ काय, हे मी तुम्हाला विचारलं नाही. बातमीदाराने तिथे प्रतिप्रश्न विचारला असता. जावयाने विचारला नाही, आणि मला अजूनही वाटतं की तेच बरोबर होतं. पण त्या दिवसापासून मी एका गोष्टीची कल्पना करत आलो. माजिवड्याचं थिएटर, कडेची खुर्ची, तुमच्या मांडीवर शाल, पडद्यावर बोट आणि मासा आणि शेवटचा स्फोट, आणि अंधारात तुमच्या शेजारी मी. मला त्या प्रकारच्या चित्रपटांची बांधणी माहीत होती. दिवे लागल्यावर तुम्ही माझ्याकडे बघणार होतात आणि मला मेघाला फोन करावा लागणार होता.

मेघा मला म्हणाली, "केतकीला विचार ना, मरतो का तो." केतकी आमच्याकडे चित्रपटांवर लिहिते. मी सांगितलं की पत्रकारांना चित्रपट लागण्याच्या आदल्या आठवड्यात दाखवतात, तोपर्यंत कुणालाच माहीत नसतं. "आणि कळलं की तो मरतो, तर?" मी विचारलं. मेघा म्हणाली, "तर तिकिटं मिळाली नाहीत म्हणून सांगू." तुम्ही ते खरं मानलं असतंत असं तिलाही वाटत नव्हतं.

मधल्या आठवड्यांत तुम्ही बऱ्या होतात. चिडचिड कमी झाली होती. पायांना तेल लावून घेत होतात. मला विचारलंत की व्हीलचेअर थेट आतपर्यंत नेतात का. मी मॉलमध्ये विचारून आलो, नेतात. "मोरी?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, एक तुकडा, डॉक्टरांना विचारून. "डॉक्टरांना नाही विचारायचं," तुम्ही म्हणालात. "मलाच विचारायचं."

मग तो रविवार.

तुमच्या तोंडात पाणी घालायचं होतं. शेजारच्या काकूंनी तुळशीचं पान आणि चमचा पुढे केला. मेघाने चमचा परत दिला आणि पेला मागितला. काकू म्हणाल्या, "अगं, थेंबभर पुरतं." मेघा म्हणाली, "आज माप नको." थोडं पाणी ओठांतून उशीवर सांडलं. कुणी पुसलं नाही.

सुटल्यासारखं वाटलं ते तेव्हा. तुम्हाला आता तहान नव्हती, वांब नव्हते, ती खुर्ची नव्हती. आणि कुणी काही बंद केलं नव्हतं. तुमचा शब्द मोडला गेला नाही आणि आम्हाला तो पाळावाही लागला नाही.

शेवटच्या पाळीला तिथे राहिलेली तुमची चादर आणायला मी डायलिसिस सेंटरवर गेलो. सिस्टर शैलांनी ती धुवून ठेवली होती. गायकवाड खुर्चीतच होते.

"मासा बघून नाय गेल्या?"

"नाही."

त्यांनी छताकडे बघितलं. "मग पैजेचं कसं?"

मी म्हटलं, पैज कायम समजा, त्यांच्या बाजूने मी आहे. ते म्हणाले, "तुम्ही? मावशी तर सांगायच्या, जावयाला वाटतं मासा मरतो." सिस्टर हसल्या. मीही.

हे मी घरी येऊन मेघाला सांगितलं. ती फ्रीजमधले बर्फाचे ट्रे रिकामे करत होती. तिने हात थांबवला.

"आईला कधी वाटलं होतं का, मासा मरतो असं?"

मी म्हटलं, कधीच नाही.

"मग? 'वाचला तर बघू' म्हणाली ना ती?" तिने ट्रे ओट्यावर ठेवला. "मरतो असं तुला वाटत होतं, सुधीर. म्हणून तू घाबरलास. आणि तुझं ऐकून मी. तिने चालू ठेवायचं ठरवलं होतं."

याला दुजोरा मिळणं आता शक्य नाही. तुमचे शब्द तेवढे हाती आहेत, बाकीचं आम्ही जोडतो आहोत. अंदाज म्हणून मात्र मी तो धरून चालतो. तेल, व्हीलचेअर, मोरीचा तुकडा, हे सगळं त्या अंदाजाशी जुळतं. मधल्या आठवड्यांत तुम्ही बऱ्या का होतात, याचं दुसरं कारण मला सापडलेलं नाही. त्या दिवसापासून मेघा नीट झोपते आहे.

आभार मानायचे राहिले आहेत. तुम्ही मला कधी जावई म्हणून मान दिला नाहीत, माझ्याशी भांडलात, याबद्दल. माझ्या पुरवणीतला प्रत्येक अंदाज हाताने तपासलात याबद्दल. आणि ती अट मेघाला एकटीला न सांगता आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलीत, याबद्दल.

चित्रपट शुक्रवारी लागतो आहे. तारीख बदललेली नाही. माजिवड्याला सकाळच्या खेळाला मी जाणार आहे. मेघा पहिल्यांदाच येते आहे, डोळ्यांवर हात ठेवून बसेन म्हणाली. गायकवाडांची त्या दिवशी पाळी आहे, त्यांना सेंटरवर फोन करून निकाल सांगायचा आहे. ज्यांना चित्रपट स्वतः बघायचा आहे त्यांनी इथेच वाचणं थांबवावं.

पत्रकारांसाठीचा खेळ काल दुपारी झाला. केतकी संध्याकाळी ऑफिसात आली तेव्हा मी तिला माझ्या टेबलाशी बोलावलं.

"शेवटपर्यंत थांबली होतीस?"

"हो सर. नावं संपेपर्यंत."

"मासा?"

"सर, सांगू? तुम्ही बघणार आहात ना?"

मी म्हटलं, सांग.

शेवटचा स्फोट होतो, बोट बुडते. नावं संपल्यावर एक दृश्य आहे. खोल पाणी आहे. मासा जिवंत आहे.